नाशिकचे ऊन : अंगावर घ्यावे कधी, टाळावे कधी?

गंगापूररोडवासी | ३० डिसेंबर, रात्री ९:१०

नमस्कार. माझे वडील बहात्तर वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्या रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व बरेच कमी निघाले. डॉक्टरांनी औषध सुरू केले आणि जोडीला रोज थोडे ऊन घेण्यास सांगितले. मात्र हे 'थोडे' म्हणजे किती आणि दिवसाच्या कोणत्या वेळचे, हे विचारायचे आमच्याकडून राहून गेले. तेव्हापासून बाबा रोज सकाळी साडेसातला गच्चीवर जाऊन शाल पांघरून कोवळ्या उन्हात तासभर बसतात.

दुसरीकडे माझ्या स्वतःच्या गालांवर दोन वर्षांपासून वांग आहे आणि त्वचारोगतज्ज्ञांनी मला उन्हापासून कसोशीने जपायला सांगितले आहे. माझी महाविद्यालयात जाणारी मुलगी तर ऊन म्हणजे विषच असे समजून खिडकीचा पडदाही उघडू देत नाही. एकाच घरात एकाला ऊन हवे आहे, दुसरीला ते बाधते आणि तिसरीला त्याची भीती वाटते. हिवाळ्यातल्या उन्हात बसण्याचे सुख मला मुलीपासून हिरावून घ्यायचे नाही आणि चेहराही सांभाळायचा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पंचवटीकर | ३० डिसेंबर, रात्री ९:४२

ताई, तुमचे वडील अगदी योग्य करीत आहेत. माझे आजोबा रामकुंडावर स्नान करून उगवत्या सूर्याला अर्घ्य देत आणि नंतर घाटाच्या पायऱ्यांवर बसत. नव्वदी ओलांडेपर्यंत त्यांची हाडे ठणठणीत होती. कोवळे ऊन हेच औषधी ऊन, असे आमच्या घरात तीन पिढ्या सांगत आलो आहोत. सकाळी आठनंतरचे ऊन कडक होते, तेव्हा त्यांनी आठच्या आत खाली यावे.

सावलीकाठी | ३१ डिसेंबर, सकाळी ७:२५

मी निवृत्त भूगोल शिक्षक आहे. पंचवटीकरांच्या आजोबांविषयी आणि अर्घ्याच्या परंपरेविषयी मला आदर आहे, तरीही त्यांच्या एका विधानाशी मी सहमत नाही, कारण ताईंच्या वडिलांचा प्रश्न नेमका तिथेच अडकलेला आहे.

आपल्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते ते अतिनील किरणांपैकी 'ब' गटातल्या, म्हणजे यूव्हीबी किरणांमुळे. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा त्याच्या किरणांना वातावरणातून फार लांबचा तिरपा प्रवास करावा लागतो आणि त्या प्रवासात ओझोनचा थर बहुतेक यूव्हीबी शोषून घेतो. म्हणून सकाळी साडेसातचे ऊन ऊब देते, झोपेचे घड्याळ लावते आणि मन प्रसन्न करते, पण ड जीवनसत्त्वाच्या दृष्टीने ते जवळजवळ रिकामे असते. त्यात अंगावर शाल असेल तर उरलेसुरले किरणही त्वचेपर्यंत पोहोचत नाहीत.

मग वेळ कशी ठरवावी? घड्याळापेक्षा स्वतःच्या सावलीवर विश्वास ठेवावा. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल, तर सूर्य पंचेचाळीस अंशांच्या खाली आहे आणि अतिनील किरण सौम्य ते मध्यम आहेत. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की किरण तीव्र झाले असे समजावे.

घड्याळावर विश्वास का ठेवू नये, तेही सांगतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि नाशिक ७३.८ अंशांच्या आसपास आहे. दर अंशाला चार मिनिटे धरल्यास आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे पस्तीस मिनिटे मागे चालतो. आपली खरी माध्यान्ह साधारण साडेबारानंतर होते आणि फेब्रुवारीच्या मध्यावर तर ती पावणेएकच्याही पुढे जाते. त्यामुळे 'दहा ते चार उन्हात जाऊ नका' हा सर्वत्र छापला जाणारा नियम नाशिकला जसाच्या तसा बसत नाही.

मी आमच्या गच्चीवर काठी रोवून अनेक वर्षे मोजमाप करीत आलो आहे आणि गणितही तेच सांगते. डिसेंबरअखेरीस सावली उंचीपेक्षा आखूड असते ती जेमतेम पावणेबारा ते दीड वाजेपर्यंत, आणि तेव्हाही किंचितच आखूड. मार्चच्या विसाव्या तारखेच्या सुमारास हा काळ दहा ते साडेतीन होतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनीच सुरू होतो आणि दुपारी पावणेचारपर्यंत चालतो.

पंचवटीकर | ३१ डिसेंबर, सकाळी ८:०५

गुरुजी, हे मला ठाऊक नव्हते. मग आजोबांची हाडे कशी टिकली?

सावलीकाठी | ३१ डिसेंबर, सकाळी ८:३०

आपले आजोबा घाटावरून उठल्यावर दिवसभर काय करीत होते?

पंचवटीकर | ३१ डिसेंबर, सकाळी ८:४१

तपोवनाकडे आमची भाजीची वाडी होती. दुपारी जेवायला घरी येईपर्यंत ते उघड्या अंगाने वाडीत काम करीत. आपले उत्तर मला मिळाले.

सिडको_औषधालय | ३१ डिसेंबर, दुपारी ३:१५

मी औषधविक्रेता आहे. दुकानात याविषयी रोज प्रश्न येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम वडिलांविषयी. वयानुसार त्वचेची ड जीवनसत्त्व तयार करण्याची क्षमता बरीच घटते आणि आपल्या सावळ्या त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य यूव्हीबी अडवत असल्यामुळे गोऱ्या माणसापेक्षा आपल्याला अधिक वेळ ऊन लागते. म्हणून या वयात केवळ उन्हावर विसंबू नये. डॉक्टरांनी दिलेले औषध चालूच ठेवावे. साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल सहसा आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवड्यांपुरतीच दिलेली असते. ती रोज घेणारे किंवा परस्पर महिनोन्महिने चालू ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

अधिक ऊन घेतले की अधिक जीवनसत्त्व मिळते, हाही गैरसमज आहे. काही काळानंतर त्वचेत तयार झालेला त्याचा पूर्वघटक त्याच उन्हाने विघटित होऊ लागतो. म्हणून दोन तास भाजून घेण्यात लाभ काहीच नसतो, त्वचेचे नुकसान मात्र होते.

आता सनस्क्रीनविषयी. डबीवरचा एसपीएफ हा आकडा केवळ यूव्हीबीपासूनचे संरक्षण सांगतो. पंधराचे सनस्क्रीन सुमारे ९३ टक्के, तिसाचे सुमारे ९७ टक्के आणि पन्नासाचे सुमारे ९८ टक्के यूव्हीबी अडवते. तिसापुढे फरक फारच थोडा पडतो, तेव्हा आकड्यामागे धावून दुप्पट पैसे मोजण्याचे कारण नाही. मात्र 'ब्रॉड स्पेक्ट्रम' ही अक्षरे आणि पीएच्या पुढची अधिक चिन्हे अवश्य पाहावीत, कारण ती यूव्हीए, म्हणजे 'अ' गटातल्या अतिनील किरणांविषयी असतात आणि त्वचा काळवंडण्यात व सुरकुत्या पडण्यात यूव्हीएचा वाटा मोठा आहे.

सर्वांत मोठी चूक प्रमाणाची होते. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी व मधले बोट यांच्या पूर्ण लांबीच्या दोन रेघा भरतील एवढे मलम लागते. बहुतेक लोक वाटाण्याएवढे लावतात आणि मग डबीवरच्या आकड्याचा लहानसा अंशच त्यांच्या वाट्याला येतो. बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटे ते लावावे. बाहेरच राहायचे असेल तर दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर किंवा पोहल्यावर लगेच पुन्हा लावावे.

ताई, वांगासाठी एक वेगळी गोष्ट आहे. आपल्यासारख्या त्वचेत केवळ अतिनील किरणांनी नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग गडद होते. साधे सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही. लोह ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन त्यासाठी मिळते. आपल्या त्वचारोगतज्ज्ञांना त्याविषयी विचारावे.

आणि हे फार महत्त्वाचे आहे. काही औषधांमुळे त्वचा उन्हाला हळवी होते. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, रक्तदाबासाठी दिले जाणारे हायड्रोक्लोरोथायझाइड आणि मुरुमांसाठीची रेटिनॉइडे ही त्यांपैकी नेहमीची नावे होत. औषध मनाने बंद करू नये. मात्र वडील रक्तदाबाची गोळी घेत असतील, तर तिच्यावरचे नाव एकदा वाचावे.

गंगापूररोडवासी | ३१ डिसेंबर, सायंकाळी ६:५०

गोळीचे वेष्टन आत्ताच पाहिले. त्यात दोन औषधे एकत्र आहेत आणि दुसरे हायड्रोक्लोरोथायझाइडच आहे. आपले मनापासून आभार. सोमवारी डॉक्टरांना विचारते.

निफाडची_वेल | १ जानेवारी, रात्री ८:२०

आमची द्राक्षबाग आहे. मणी उन्हाने भाजू नयेत आणि त्यांचा रंग बदलू नये, म्हणून आम्ही घडांना कागद लावतो. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) भागातले शेतकरी तर डाळिंबाच्या आख्ख्या बागेवर जुन्या साड्यांचे छत धरतात. फळाच्या सालीला एवढे जपणारे आम्ही स्वतःच्या कातडीकडे मात्र कधी पाहिले नाही, हे इथले लिखाण वाचताना फार जाणवले.

खरड छाटणी एप्रिलमध्ये येते. तेव्हा वेलीवर पाला नसतो, त्यामुळे मांडवाखाली सावलीही उरत नाही, आणि मजूर हात वर करून दिवसभर काम करतात. मानेची मागची बाजू, हातांची पाठ आणि पायांचे पंजे अक्षरशः करपतात. आमच्या बायका लुगड्यावरून घरातल्या पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोक्याला रुमाल बांधून त्यावरून पदर घेतात. गुरुजींच्या हिशेबाने पाहिले तर हे शहाणपणाचेच आहे. यंदा आम्ही कामाची वेळ सकाळी सहा ते साडेदहा आणि दुपारी चारनंतर अशी करायचे ठरवले आहे.

एक अनुभव सांगतो. माझ्या भावाच्या मानेवर, पापण्यांवर आणि कोपरांच्या लवणीत दर वर्षी चट्टे उठत असत आणि आम्ही ते उन्हाचेच समजत होतो. तपासणीत कळले की मूळ कारण बांधावरचे गाजर गवत आहे. त्याचे कण हवेतून त्वचेवर बसतात, त्याची ॲलर्जी होते आणि कित्येकांना पुढे ऊनही सहन होईनासे होते. चट्टे दर वर्षी त्याच काळात उठत असतील, तर नुसते मलम लावत बसू नये, तज्ज्ञाला दाखवावे.

कॉलेजरोडची_स्वारी | १ जानेवारी, रात्री ९:०५

शर्टाविषयी वाचून बरे वाटले. आम्ही मुली दुचाकीवर स्टोल, सनकोट आणि हातमोजे घालून निघतो, तेव्हा लोक दरोडेखोर म्हणून हसतात. माझा स्टोल मात्र पातळ शिफॉनचा आहे. तो पुरतो का?

सिडको_औषधालय | १ जानेवारी, रात्री ९:३०

कापड उजेडासमोर धरून पाहावे. विणीतून उजेड आरपार दिसत असेल, तर किरणही आत येतात. घट्ट विणीचे आणि गडद रंगाचे सुती कापड अधिक चांगले. कापड ओले झाले की त्याचे संरक्षण आणखी घटते.

देवळालीचा_वाटसरू | २ जानेवारी, सकाळी ११:१०

मला येथे असहमती नोंदवायची आहे. सनस्क्रीनचा हा सारा सल्ला गोऱ्या लोकांच्या देशांतून आला आहे. आपल्या त्वचेत निसर्गानेच मेलॅनिनचे छत्र दिलेले आहे आणि आपल्याकडे त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण त्यांच्या तुलनेत अत्यल्प आहे. ज्या देशात निम्म्या जाहिराती रंग उजळण्याच्या असतात, तेथे उन्हाची भीती घालून मुलींना काळेपणाची लाज वाटायला लावणे मला घातक वाटते. ताईंच्या मुलीची भीती त्वचेच्या आरोग्यापोटी आहे की रंगापोटी, हे त्यांनी तिला प्रेमाने विचारावे.

मेलबर्नस्थित_नाशिककर | २ जानेवारी, दुपारी १२:३५

वाटसरूंचा शेवटचा मुद्दा मला मनापासून पटतो आणि पहिला अर्धाच पटतो. मी जेथे राहतो त्या व्हिक्टोरिया राज्यात १९८१ साली 'अंगात शर्ट चढवा, मलम लावा, डोक्यावर टोपी घाला' अशा अर्थाची मोहीम सुरू झाली आणि आज येथील प्राथमिक शाळांत टोपीशिवाय मुलांना मैदानावर सहसा जाऊ देत नाहीत. येथील बहुसंख्य लोकांची त्वचा गोरी असल्यामुळे त्यांना कर्करोगाचा धोका आपल्यापेक्षा कितीतरी अधिक आहे, हे खरेच.

पण मेलॅनिन डोळ्यांवर चढवता येत नाही. अतिनील किरणांचा मोतीबिंदूशी संबंध आहे, आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारा जो मांसल पडदा उन्हात राबणाऱ्यांत दिसतो, त्याच्याशीही आहे. वांग, उन्हाची ॲलर्जी आणि काळे डाग हे तर आपल्याच त्वचेचे आजार आहेत. म्हणून छत्री, काठाची टोपी आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा ही आपलीही गरज आहे, रंग कोणताही असो.

मोबाइलवर हवामानाबरोबर यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, दिसतो, तोही पाहत जावा. आकडा तीनच्या खाली असेल तर निर्धास्त फिरावे, तीनपासून काळजी सुरू करावी, आठच्या पुढे ती कसोशीने घ्यावी आणि अकराच्या पुढे दुपारी शक्यतो बाहेर पडू नये. तापमान आणि हा आकडा सोबत चालतातच असे नाही.

घोटीमार्गे | २ जानेवारी, रात्री १०:००

शेवटच्या वाक्याचा अनुभव मी कळसूबाईवर घेतला आहे. जानेवारीत १६४६ मीटरवर गार वारा सुटलेला होता, घाम नव्हता आणि ऊन जाणवतही नव्हते, म्हणून आम्ही दुपारी दोन तास शिखरावर बसलो. खाली बारी गावात पोहोचेपर्यंत माझे नाक आणि कानांच्या पाळ्या हुळहुळू लागल्या आणि चौथ्या दिवशी साल निघाली. उंची हजार मीटरने वाढली की अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, हे मला नंतर कळले. कान सर्वांकडूनच विसरले जातात, तसेच ओठही.

वाळवणवाली_मावशी | ४ जानेवारी, दुपारी ४:४५

मी पासष्ट वर्षांची आहे आणि माझ्या गालांवर वांग आहे. मार्च-एप्रिलमध्ये कुरडया, पापड आणि सांडगे घालायचे, पाखरे हाकायची, दुपारी एकदा उलटायचे, असे चाळीस वर्षे चालले. ऊन कडक असल्याशिवाय वाळवण खुटखुटीत होत नाही, आणि तेच ऊन तोंडावर घेत आम्ही गच्चीवर बसत होतो. आता मी पहाटे चीक शिजवून आठच्या आत कुरडया घालून खाली येते आणि वर बारीक जाळी पसरते, म्हणजे राखायला कोणी बसावे लागत नाही.

मुलींना मात्र एक कळकळीने सांगते. तरुणपणी मी रंग उजळावा म्हणून लिंबाचा रस चोळून गच्चीवर जात असे. एकदा हातांवर मोठे फोड आले आणि त्यांचे काळे डाग कित्येक महिने राहिले. डॉक्टर म्हणाले की लिंबाच्या रसावर ऊन पडले की त्वचा भाजते. लिंबू सरबतात घालावे, गालावर कधीही नाही.

नवी_आई_इंदिरानगर | ५ जानेवारी, दुपारी २:००

माझे बाळ दोन महिन्यांचे आहे. सासूबाई त्याला रोज तेल लावून उन्हात धरतात. ते योग्य आहे का? शिवाय आमच्या बाल्कनीला काचा आहेत. काचेतून आलेले ऊन चालते का?

सिडको_औषधालय | ५ जानेवारी, दुपारी २:४०

काचेतून यूव्हीबी जवळजवळ येत नाही, पण यूव्हीए बऱ्याच प्रमाणात येते. म्हणजे ड जीवनसत्त्व मिळत नाही आणि त्वचा मात्र काळवंडू शकते. वांग असलेल्यांनी मोटारीच्या खिडकीजवळही म्हणूनच जपावे.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची त्वचा फार नाजूक असते. त्याला तीव्र उन्हात धरू नये आणि सनस्क्रीनही लावू नये. सकाळच्या सौम्य उन्हात, डोक्यावर टोपडे घालून सासूबाई थोडा वेळ मांडीवर घेऊन बसल्या तर त्यांना दुखवू नका, तो दोघांच्याही सुखाचा वेळ असतो. ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र बालरोगतज्ज्ञांना विचारून सुरू करावेत. आणि बाळ पिवळे दिसत असेल, तर ऊन दाखवत घरी थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

जुने_नाशिक | १९ मार्च, रात्री ८:३०

धागा वर आणतो, कारण रंगपंचमी आली आहे. रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या मोठ्या हौदात, उड्या मारणाऱ्यांनी गुरुजींची मार्चची वेळ लक्षात ठेवावी. गर्दी ऐन दुपारीच असते, कपडे चिंब झालेले असतात आणि ओले कापड ऊन कमी अडवते, हे वर आलेच आहे. आम्ही मित्र यंदा गडद रंगाचे जाड सदरे घालणार आहोत आणि बाहेर आल्यावर वाड्याच्या सावलीतच थांबणार आहोत.

गंगापूररोडवासी | २२ मे, रात्री ९:००

इतक्या दिवसांनी वृत्तांत देत आहे, त्याबद्दल क्षमस्व.

डॉक्टरांनी बाबांची रक्तदाबाची गोळी बदलली. जानेवारीभर ते अकराच्या सुमारास, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात आणि डोक्यावर टोपी घालून पंधरा-वीस मिनिटे गच्चीवर बसत, एवढेच डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते. सकाळचे कोवळे ऊनही त्यांनी सोडलेले नाही. ते मनासाठी आहे, असे ते म्हणतात. उन्हाळा चढू लागला तशी आम्ही वेळ सावलीप्रमाणे अलीकडे आणली आणि आता ते नऊच्या आत खाली येतात. एप्रिलमधल्या तपासणीत ड जीवनसत्त्व योग्य पातळीवर आले. त्यात औषधाचा वाटा मोठा आहे, हे मला मान्य आहे.

वाटसरूंनी सुचवल्याप्रमाणे मी मुलीला विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग रडली. महाविद्यालयात कोणी तरी तिच्या रंगावरून बोलले होते. त्यावर आम्ही खूप बोललो. परवा, २० तारखेला, साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो हे गुरुजींच्या आकड्यांवरून बाबांनी हेरले आणि आम्ही तिघे गच्चीवर गेलो. पाण्याचा तांब्या उभा ठेवला. त्याची सावली कुठेच पडली नाही. मुलगी काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा कुडता घालून पाच मिनिटे त्या तांब्याभोवती फिरली, छायाचित्रे काढली आणि मग आम्ही खाली येऊन कैरीचे पन्हे प्यायलो. माझे वांग पुसट झाले आहे, गेलेले नाही. रंगीत सनस्क्रीन चालू आहे.

सावलीकाठी | २३ मे, सकाळी ७:१०

ताई, वाचून डोळे भरून आले. मुलीला सांगा की जुलैच्या चौथ्या आठवड्याच्या आसपास सूर्य परतीच्या वाटेवर पुन्हा एकदा आपल्या माथ्यावरून जाईल. तेव्हा आभाळ बहुधा भरलेले असेल आणि तांब्या पाहता येणार नाही, पण पातळ ढगांतून अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात खाली येतात, तेव्हा टोपी त्या दिवशीही असू द्यावी. ऊन निघालेच, तर तिने काढलेले छायाचित्र येथे जरूर टाकावे.